अठ्ठावीस फूट

कदम सर माझ्या गणितामुळे गेले.

आज वर्ष झालं. सकाळपासून आमच्या दहावीच्या ग्रुपवर हार घातलेला फोटो फिरतोय. "सरांनी आम्हाला घडवलं."
हो, मलाही घडवलं.

काठीच्या सावलीवरून झाडाची उंची काढायला अख्ख्या पेडगावला सरांनी शिकवलं. काठी आणि तिची सावली, झाड आणि त्याची सावली. दोन समरूप त्रिकोण. तीन बाजू मोजायच्या, चौथी गुणोत्तरानं काढायची.

अट एकच. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायच्या.
ही अट मोडली म्हणून त्यांनी मला एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं.

सर रिटायर झाले, एकटेच राहायचे. परसातला कडुलिंब वाळला, तो पाडायचा होता. नजर अधू झालेली, म्हणून मोजायला मला बोलावलं. मी परभणीत साईट इंजिनिअर. बाईकवरून रुबाबात गेलो.

चार फुटांची काठी, सावली पाच फूट. लिहून घेतली.
तेवढ्यात साईटवरून फोन. पाऊण तास गेला.
मग झाडाची सावली मोजली, पस्तीस फूट.
पस्तीस गुणिले चार, भागिले पाच. अठ्ठावीस.

ऊन वर चढलं होतं, सावल्या आखडल्या होत्या. काठी परत मोजायला हवी होती. मला कंटाळा आला.

स्वयंपाकघर झाडापासून बत्तीस फुटांवर, वर पत्रे. झाड तोडणारे इसाकभाई म्हणत होते, आधी फांद्या उतरवू, दोर बांधू. मी हसलो. म्हटलं, हे गणित हाय, अंदाज न्हाई.

बुंधा अर्धा कापल्यावर इसाकभाईंनी हाक दिली, "सर, तुमी जरा बाहेर येऊन बसा."

आतून सर म्हणाले, "गोविंदानं मोजलंय. हितवर येत न्हाई ते. चहा टाकलाय तुमच्यासाठी."

झाड चाळीस फुटांचं निघालं.

गावानं इसाकभाईंना जबाबदार धरलं. त्यांनी पोलीस स्टेशनचे हेलपाटे घातले. आजही त्यांना गावात कुणी काम देत नाही. मी सरांना खांदा दिला आणि गप्प बसलो.

माझं नाव का घेतलं नाही, असं गेल्या आठवड्यात इसाकभाईंना विचारलं.
"सरांना लय कौतुक होतं तुमचं," एवढंच म्हणाले.

ग्रुपवरच्यांनो, शिव्या मला द्या. इसाकभाईंना काम द्या.

सर, आयुष्यभर आमची एकेक वही लाल पेनानं तपासलीत.
त्या दिवशी माझी का नाही तपासली?

माफ करू नका.
शेवटचा नमस्कार.