खऱ्या केसांचं अस्वल

ईरा, नील, तुमच्या आईचा काल फोन आला. "आई, तो नवा सिनेमा तुम्ही आधी बघून घ्या. मुलांना दाखवण्यासारखा वाटला तरच लावते." म्हणून आज दुपारी मी एकटीच तो अस्वलाचा सिनेमा बघायला बसले.

हे अस्वल तुमच्या बाबाच्या लहानपणी कार्टूनमध्ये होतं. कड्यावरून पडायचं, पापडासारखं चपटं व्हायचं आणि अंग झटकून पुन्हा पळायचं. बाबा हसून हसून लोळायचा. आता त्याच अस्वलाला खरे केस आहेत, ओले डोळे आहेत. गोष्ट तीच, कडाही तोच. पण ते पडून कण्हायला लागलं, तेव्हा माझा हात आपोआप पदराकडे गेला. पूर्वी थिएटरात मारामारी सुरू झाली की मी बाबाच्या डोळ्यांवर पदर धरायचे. तो आतून म्हणायचा, "आई, संपलं की सांग."

सिनेमात शिव्या नाहीत, रक्त नाही, शेवटही गोड आहे. तपासायचं ते सगळं ठीक होतं. पण नील, तू घाबरशील का, हे मला इथून कसं कळावं? तुला घाबरलेलं मी कधी पाहिलेलंच नाही. फोनवर तू नेहमी हसतच असतोस.

संध्याकाळी तुमच्या आईला सांगितलं, "लाव. पण तू नीलला चिकटून बस."

"तुम्हीही व्हिडिओ कॉलवर या ना."

"येईन. पण कड्याचा सीन आला की माझा हात काही तिथे पोचायचा नाही. त्याला आधीच सांगून ठेव, ते अस्वल पुढे उठतं."