नानांच्या गुलाबी खुर्च्या

जी वस्तू थोडा वेळ जागची हलली नाही, तिला नाना रंग देत. कोनाडा, सायकलचं मडगार्ड, बंद पडलेला रेडिओ, तुळशीपुढची पायरी. आमची मांजर त्यांच्या खिडकीत झोपायची, म्हणून एक अख्खा पावसाळा ती हिरव्या शेपटीनं हिंडली. चोपड्याच्या आमच्या गल्लीत आया पोरांना दटावायच्या, "नुसता उभा राहू नको मेल्या, नाना येतील ब्रश घेऊन!"

नाना म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, थोरले चुलतभाऊ. एकटा जीव. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी संपल्यावर आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे आणि आमच्याकडे जेवायचे. त्यांच्या खाटेखाली गल्लीभरातून उरलेले रंगाचे डबे असत. कुठल्या वस्तूला कुठला रंग, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. ज्या डब्याचं झाकण उघडेल, तो रंग. कुणी हरकत घेतली की म्हणत, "रंगले काय म्हाईत, तो भितवर शे का खुर्चीवर?"

एका उन्हाळ्यात त्यांनी पाण्याच्या माठाला निळा ऑइलपेंट दिला. माठ असा देखणा झाला की शेजारणी बघायला आल्या. फक्त त्याचं पाझरणं बंद झालं आणि आतलं पाणी चहासाठी निम्मं तापवून ठेवल्यासारखं लागू लागलं. आई कपाळाला हात लावून बसली. नाना मात्र ते कोमट पाणी घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "गंजाव नही आते!" मातीचा माठ गंजतो, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

तर अशा नानांच्या हाती माझ्या ताईचं लग्न सापडलं.

ताईला पाहायला येणाऱ्यांचं नेहमी कुठंतरी अडायचं. कुणाला रंग सावळा वाटे, कुणाला उंची जास्त. मान खाली घालून पोहे देणारी ताई आत आली की ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. आबांनी तर बोलणंच कमी केलं होतं. अशात मे महिन्यात शेजारच्या दुकानात ट्रंक कॉल आला: धुळ्याची मंडळी उद्या सकाळी येताहेत, आणि दुपारी इथूनच पुढे सावद्याला दुसरी मुलगी पाहायला जाणार आहेत. सावद्याच्या त्या मुलीचे वडील केळीचे व्यापारी, त्यांच्याकडे सोफासेट होता. आमच्याकडे आठवडी बाजारातल्या आंब्याच्या लाकडाच्या चार खुर्च्या होत्या, त्याही डागाळलेल्या.

"नाना, खुर्च्यांना जरा ऑइलपेंट मारता का?" आबांनी विचारलं.

नानांनी आयुष्यात पहिल्यांदाच रंगाचा विचार केला, आणि तिथंच घात झाला. "तेलना रंग सकाळलोंग सुकाव नही. पाव्हना खुर्चीसंगे उठना तं काय करशी?" मग त्यांनी दिवाळीला भिंतींसाठी कालवलेल्या चुन्यातला उरलेला गुलाबी रंग काढला. तासाभरात खुर्च्या खडखडीत वाळल्या. त्या इतक्या गोड दिसत होत्या की आबासुद्धा हसले.

सकाळी जीप आली. नवरामुलगा, त्याचे वडील आणि मामा. तिघेही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत! आणि बाहेर खानदेशातलं ऊन. पाहुणे बसले, घामेजले, सरबत प्यायले. ताईनं पोहे दिले. मामांनी ठरलेले प्रश्न विचारले, ताईनं ठरलेली उत्तरं दिली. मग घड्याळ बघत मामा उठले. "चला, सावद्याला उशीर होतोय." ते वळले, आणि त्यांच्या पाठीपासून खाली धोतरापर्यंत दिवाळीतली आमची भिंत उमटलेली होती.

मी तोंडात पदर कोंबला. आबा पांढरे पडले. तेवढ्यात मुलाचे वडील उठले, तेही गुलाबी. मुलगा उठला, तोही गुलाबी. आणि ताई एकदम खळखळून हसली. पाहायला आलेल्यांसमोर मुलगी अशी हसते का कधी? मामांच्या भुवया वर गेल्या. मुलानं स्वतःची पाठ बघायला मान वळवली, ती काही दिसेना, म्हणून तो गोल फिरला, आणि तोही हसायला लागला.

"असल्या अवतारात सावद्याला जायचं?" मामा कडाडले.

"कपडा काढा," नाना शांतपणे म्हणाले. "धोई देस. उनमा घडीभरमा सुकतीन."

तिघांना आबांच्या लुंग्या मिळाल्या. नानांनी कपडे धुऊन गच्चीवर टाकले आणि पहारा द्यायला तिथंच बसले. खाली मामा दर थोड्या वेळानं ओरडत, "नाना, वाळले का?" वरून उत्तर येई, "आजून वल्लं शे!" त्या उन्हात पापड भाजून निघाला असता! मी हळूच गच्चीवर गेले. नाना तांब्यातलं पाणी ओंजळीनं धोतरावर शिंपडत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

खाली आईनं तोवर पुरण शिजत घातलं होतं. खापरावरचे मांडे आणि आमरस झाल्यावर मामा लुंगीतच लोडाला टेकले आणि घोरू लागले. मुलगा आणि ताई ओसरीवर बोलत बसले. पोह्यांच्या बशीआडून कधी कुणी बोललं नसेल इतकं बोलले. उन्हं कलली, सावदा राहिलं. कपडे अंगावर चढले तेव्हा मुलगा वडिलांच्या कानाशी काही बोलला, आणि वडील आबांना म्हणाले, "आम्हाला मुलगी पसंत आहे. तुम्ही तिला विचारा." ताई दाराआडूनच हो म्हणाली. आबा बसले, नेमके त्यातल्याच एका गुलाबी खुर्चीवर, आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत.

लग्नात नानांनी त्यातलीच एक खुर्ची आहेर म्हणून दिली. या खेपेला ऑइलपेंट लावून. "आते पक्का शे. बठा बेधडक!"

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. खुर्ची धुळ्याला ताईच्या ओसरीवर आहे. भावजी अजून तिच्यावर बसण्याआधी तळवा फिरवतात आणि उलटा करून बघतात. मीही बघते. हात कोरा निघाला की हायसं वाटतं. आणि मग जरा वेळ, तो कोरा निघाल्याचंच वाईट वाटत राहतं.