बाबांसाठी लावलेलं दार

आजारी माणसाला कुणी "चार महिने गावी जा, मोकळी हवा घ्या" असं सांगितलं की अजूनही माझं डोकं उठतं. बोलून बोलून थकले आहे.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. आम्ही तुर्भ्याला राहत होतो. बाबा तिथल्याच एका रसायनांच्या कारखान्यात होते आणि मी दुसऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. वारा फिरला की गल्लीभर सडक्या अंड्यांचा वास यायचा आणि आई दोरीवरचे कपडे आत ओढायची. त्या हवेची इतकी सवय झाली होती की पाहुण्याने नाकाला रुमाल लावला तर आम्हालाच राग यायचा.

एके सकाळी पाळीवर निघताना बाबांच्या छातीत कळ आली. वाचले. पण डॉक्टरांनी बजावलं, "हृदय दुबळं झालंय. या धुरातून काढा यांना. पुढचा झटका सांगून येणार नाही."

खाडीपलीकडे उलव्याला माझी विधवा आत्या एकटी राहत होती. तेव्हाचं उलवे म्हणजे भातशेती, खाजण आणि कौलारू घरं. तिने निरोप धाडला, "दादाला हितं घेऊन या. हितं धुराचा नाव पन नाय." बाबांचं बघायला आई त्यांच्याबरोबर गेली. मी नोकरीपायी तुर्भ्यालाच राहिले आणि दर शनिवारी दुपारी उलव्याला जाऊ लागले.

बाबांची खाट पडवीत टाकली होती. खाडीवरून वारा यायचा. महिन्याभरात त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. आम्ही सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होतो. किती चालले, किती जेवले, झोप लागली का. आई कशी आहे हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

आई चुलीपाशी असायची. तुर्भ्याला आमच्याकडे गॅस होता. इथे मातीची चूल, आणि जळण म्हणजे खाडीकाठची तिवराची लाकडं, वरून वाळलेली, आतून ओली. जळायची कमी, धुमसायची जास्त. बाबांचं अळणी वेगळं, आत्याचं तिखट कालवण वेगळं, प्यायचं पाणी उकळायचं, आंघोळीचं तापवायचं. धूर पडवीत यायचा आणि बाबा खोकायचे. पहिल्याच शनिवारी मी म्हणाले, "आई, दार लावून घे ना. बाबांना धूर जातोय."

तिला ते लगेच पटलं. त्या दिवसापासून रांधताना स्वयंपाकघराचं दार बंद. त्या खोलीला खिडकी नव्हती. कौलांच्या फटींतून जाईल तेवढाच धूर बाहेर जायचा.

खरं सांगायचं तर चुलीचा धूर आमच्या लेखी धूरच नव्हता. धूर म्हणजे कारखान्याचा, चिमणीतून निघणारा, पिवळा. चुलीचा धूर म्हणजे घरात काहीतरी शिजतंय, एवढंच.

आई ताट घेऊन बाहेर यायची तेव्हा तिचे डोळे लालभडक असायचे. विहिरीवरून येताना ती मध्येच बसायची. "दम लागतो का गं?" मी एकदा विचारलं.

"काय नाय गं, वय झालं आता," ती म्हणाली आणि बाबांचा तांब्या भरायला गेली.

आत्या चिडवायची, "गॅसवर रांधून वहिनी नाजूक झाली. आमचा जनम चुलीम्होरं गेला." मीही हसले होते. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

चौथ्या महिन्यात आई चुलीपाशीच कोसळली. पनवेलच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "हृदय बरेच दिवस कुरकुरत असणार. या धुरात काम करतात का? कारखान्यात वगैरे?"

"नाही हो, गावी असतात. मोकळ्या हवेत." मी अगदी ठासून सांगितलं.

"मग पदराला एवढा धुराचा वास कसा?"

दिवस मावळायच्या आत आई गेली.

कुठल्या धुराने तिला किती खाल्लं, कोण सांगणार? तुर्भ्याचाही वाटा असेलच. आगीतून उठून फुफाट्यात, असं लोक म्हणतात. आम्ही बाबांना आगीतून उठवलं आणि फुफाट्यात आईला बसवलं.

दिवसकार्य आटोपल्यावर आत्याने चूल पेटवली. बाबा पहिल्यांदाच त्या खोलीच्या दाराशी आले. धूर दाटला होता. "दादा, भायेर जा, दार लावते," आत्या सवयीने म्हणाली. बाबा उंबऱ्यावरच बसले, दाराला पाठ लावून, ते लागू नये म्हणून. खोकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाबा, उठा. धूर जातोय तुम्हाला," माझ्या तोंडून पुन्हा तेच वाक्य आलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "चार महिने माझ्या वाटचा तिनंच घेतला."