तांदूळ किती उरलाय?

"तांदूळ किती उरलाय?" बाईंनी असं विचारलं की मी ओळखायची, मुंबईहून काम थांबवायचं पत्र आलं.

बाई उत्खनन करायच्या. पेण-रोह्याकडं तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. डोक्याला पुरुषी रुमाल, चष्म्याला दोरी, आणि रस्त्याकडेला खापर दिसलं की चालत्या रिक्षातून "थांब रे!" मी त्यांच्या कॅम्पवर स्वयंपाकाला. गाव हिंगोलीकडं, शाळा पाचवीत सुटलेली, नवरा मला इथल्या वीटभट्टीवर टाकून गेलेला. बाईंनी एवढंच विचारलं, "भाकरी येते ना? मग राहा."

कासू गावाच्या पुढं, खाडीच्या अंगाला एक उंचवटा होता. त्याच्या पोटात जुन्या बंदराचा धक्का आहे, असं बाईंचं म्हणणं. एका कडेला दगडी पायऱ्या लागल्याही होत्या. पण त्या वर्षी सरकारला फक्त किल्ले हवे होते. बाईंनी अर्जात लिहिलं, किल्ल्याला रसद पोचवणारा धक्का. पुढच्या वर्षी लेणी आली. बाईंनी लिहिलं, लेण्यांकडं जाणारे भिक्षू उतरायचे तो धक्का.

"दरवर्साला बारसा करतान गो या ढिगाचा," हिराकाका मला म्हणायचे. मिठागर सांभाळून खणायला येणारा माणूस, बोलणंही खारटच.

"नाव काही का ठेवेनात काका, पोर जगलं पाहिजे," बाई खड्ड्यातून ओरडायच्या.

तरी हंगामाच्या मध्येच मुंबईच्या साहेबांचं मन फिरायचं. पत्र आलं की मला वाटायचं, आता जायचं कुठं? बाई तांदूळ विचारायच्या.

"आठवडाभर पुरंल."

"मग हे पत्र मला पुढच्या आठवड्यात मिळालं."

कुदळी पुन्हा चालू. मी पेज करकरून तो आठवडा लांबवायची.

एका हुकमातून मात्र सुटका नव्हती. मंत्री येणार म्हणून सगळ्यांना रोह्याकडच्या एका किल्ल्यावर पाठवलं, दिवे लावायला. मातीचा रंग बघून तिचं वय सांगणारी बाई, आणि तिला वायरी कुठून न्यायच्या ते बघत उन्हात उभी केली! माझा नुसता जळफळाट झाला.

मग सरकारची आवड परत बदलली. आता म्हणे खाड्या आणि जुनी बंदरं. बाईंचा अर्ज पहिल्यांदाच किल्ला-लेणी काही न जोडता मंजूर झाला. मी पोतंभर तांदूळ भरला आणि आम्ही कासूला गेलो.

उंचवटा नव्हता. खाडी बघायला कठडा, बाकं आणि 'प्राचीन बंदर' अशी पाटी होती. भरावाला माती लांबून कशाला आणायची, म्हणून ठेकेदारानं तोच ढीग खणून खाली अंथरला होता, पायऱ्यांच्या दगडांसकट. तिथं हजर असलेला बाईंच्या हापिसातला साहेब खुशीत होता. "मॅडम, तुमच्याच विषयाला न्याय दिला!"

हिराकाका पचकन थुंकले. "आमचा बांध फुटला तवा यांना माती नाय गावली!"

मी त्या साहेबाला हिंगोलीकडच्या शिव्या दिल्या. आजही एकही परत घेणार नाही.

बाईंनी बाकाच्या पायाशी वाकून एक खापर उचललं, रुमालानं पुसलं. मग सवयीनं माझ्याकडं बघितलं.

"तांदूळ किती उरलाय?"

"पोतं भरून हाय, बाई."

त्याच वर्षी त्या निवृत्त होऊन गेल्या. जाताना ते पोतं त्यांनी पेणच्या रामवाडीत माझ्या दारात उतरवलं. त्यावरच माझी खानावळ उभी राहिली. त्या हापिसातले साहेब अधूनमधून जेवायला येतात. दुसऱ्यांदा भात मागतात.

मी सांगते, संपला.