चेहरा येऊ द्यायचा नाही

“कान नीट दिसतोय का?”

मेलेल्या माणसाचा फोटो घेऊन कोणी आलं की आमचे शेजारी आधी हेच विचारायचे. डोळे सगळेच बघतात, पण घरच्यांना माणूस पटतो तो कानावरून, असं त्यांचं म्हणणं. सिंगापुरात तोआ पायोहला ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. सगळा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेला. रिटायर झाल्यावर इथल्या मराठी लोकांच्या आईबापांची तैलचित्रं काढायचे. फोटोवर चौकोन आखायचे, तसेच कॅनव्हासवर, आणि एकेक चौकोन भरत जायचे. चित्र ज्याच्या त्याच्या घरी गेलं की त्याला चंदनाचा हार पडायचा.

मी एकदा म्हटलं, माझं आत्ताच काढून ठेवा, नाहीतर माझा मुलगा पासपोर्टचा फोटो मोठा करून लावेल. ते म्हणाले, “आक्का, तुमचे कान अजून वाढतायत. थांबा थोडं.”

मग त्यांच्या मुलाचं झालं. तोही जहाजावर होता. संध्याकाळी सगळ्यांबरोबर जेवला आणि सकाळी जहाजावर नव्हता. समुद्रात शोधलं, काही मिळालं नाही. मेला, हे मला त्याच दिवशी कळलं. त्याच्या आईला ते कळून घ्यायचं नव्हतं. रत्नागिरीहून दीर फोन करायचा, विधी करून टाका म्हणायचा. ती फोन ठेवून द्यायची. नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं, “त्याचा चेहरा काढायचा नाही. चेहरा आला की हार आला.”

आता तुम्हीच सांगा, चेहऱ्याशिवाय ज्याला दुसरं काही येत नाही त्याने काय करावं?

त्यांनी फोटो ठेवून दिले, आखणी सोडली. हॉलच्या भिंतीवर मोठं कापड ठोकलं आणि भिंती रंगवायचा ब्रश घेऊन खांद्यापासून हात फिरवायला लागले. पट्टे, फराटे, ओघळ. मी बघायला गेले. मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, फरशी पुसल्यासारखं दिसतंय.

“पुसतोच आहे,” ते म्हणाले. “हाताला खोड लागलीय, आक्का. दोन फटकारे मारले की कपाळ दिसायला लागतं. तो दिसायच्या आत हात पुढे न्यायचा.”

चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेतले एक पुण्याचे गृहस्थ वडिलांचा फोटो देऊन गेले होते. कुठवर आलंय ते बघायला आले. तपकिरी फराट्यांसमोर बराच वेळ उभे राहून त्यांनी विचारलं, “काका, यात बाबा कुठे बसलेत?” फोटो परत घेऊन गेले. मग कोणी येईना. आमच्या शेजाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. हळूहळू हाताची घाईही कमी झाली. हात कुठे जाणार हे त्यांनाच माहीत नसायचं. गेला की मागे सरकून बघत राहायचे. म्हणायचे, आता मी काढत नाही, होऊ देतो.

बायको त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. एका सकाळी मी तिच्याबरोबर घेवडा मोडत होते. ती पाणी प्यायला उठली आणि वळून तिथेच थांबली. कापडावर काळपट लाल रंगाचा एकच फराटा होता, वरून तिरका खाली आलेला आणि शेवटी झटक्यात वळलेला. मला दुसरं काही दिसलं नाही.

“असाच वळायचा,” ती म्हणाली. “लिफ्टपाशी गेल्यावर मागून हाक मारली की.”

ती रडली नाही. परत येऊन उरलेला घेवडा मोडला. दुपारी स्वतःहून दिराला फोन लावला आणि गुरुजींना विचारून ठेवा म्हणाली.

त्यांनी कापड उतरवून गुंडाळलं. दारात मला म्हणाले, “मी सगळं टाळलं, आक्का. तरी तिला तो सापडला.” त्यांना बरं वाटलं होतं की पस्तावले होते, मला सांगता येणार नाही. त्यानंतर त्यांनी ब्रश धरला नाही.

विधीसाठी दोघं रत्नागिरीला गेली. तिथेच त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. ती परत आली नाही. फ्लॅट विकला.

नव्या मालकाने रंगारी लावला तेव्हा दार उघडं होतं, म्हणून मी डोकावले. हॉलच्या भिंतीवर कापडाएवढा चौकोन पांढरा स्वच्छ, आणि त्याच्या चारी बाजूंना बाहेर गेलेल्या फटकाऱ्यांची टोकं. रंगाऱ्याने वैतागून मान हलवली. मग कमरेएवढी उंची हाताने दाखवून विचारलं, या घरात लहान मूल होतं का?

“येस,” मी म्हटलं. “वन बॉय.”

त्याने रोलर बादलीत बुडवला आणि खालच्या टोकापासून सुरुवात केली.