घाबरं

पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी तशीच सोडून मावशी डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवायच्या, मान तिरकी करायच्या आणि म्हणायच्या, "थांब गं, आत कोण पळून राहिलंय बघते."

आम्ही ताटं घेऊन उभ्या. बोटं निघाली की पोळी मिळायची. लातूरला शिकायला आलेल्या कुणालाही अशी एखादी मेस आठवेल. असं मनगट मात्र आमच्याच मावशींचं.

त्यांच्या काळजाचे ठोके बेताल पडायचे. हैदराबादला मांडीतून नळी घालून, आत जिथून ही गडबड सुरू व्हायची त्या जागा जाळून आणल्या होत्या. "बैलाला डागतात तसं डागलंय मला. पण आतून," असं त्या वाढता वाढता सांगायच्या आणि नवीन मुलींचा घास हातातच राहायचा.

डॉक्टरांनी बजावलं होतं की तीन महिने ठोक्यांवर लक्ष ठेवा, त्रास झाला की वेळ आणि काय झालं ते वहीत लिहा, रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवू नका, मग नांदेडला दाखवा. मावशींना लिहिता येत नव्हतं. मी त्यांच्याच वरच्या खोलीत राहायचे. लोह्याजवळच्या गावाची, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. वही माझ्याकडे आली.

त्रास बहुतेक दुपारी व्हायचा. भिंतीला टेकून त्या सांगायच्या, "लिव्ह. घाबरं होऊन राहिलंय."

मी लिहायचे : सव्वातीन. भीती वाटते.

हे नीट सांगता येईल का, माहीत नाही. आमच्याकडे घाबरं होणं म्हणजे भिणं नव्हे. छातीत धडधड, श्वास अपुरा, जीव एका जागी ठरत नाही, ते घाबरं. माझी आईही तेच म्हणते. मला अर्थ ठाऊक होता. पण कॉलेजात पहिल्याच महिन्यात माझ्या 'करून राहिले'ला वर्ग हसला होता. तेव्हापासून मी प्रत्येक वाक्य धुऊन मगच बाहेर काढायचे. मोठे डॉक्टर वाचणार, म्हणून मावशींचंही धुतलं; घाबरंचं पुस्तकातलं रूप भीती, एवढंच पाहिलं.

नांदेडच्या दवाखान्यात त्यांच्या छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला ठोके टिपणारी डबी बांधली. मुक्काम आमच्या गावी केला. त्या एका दिवसात आत कुणी पळालंच नाही. "पाव्हणे आले की पोरं शहाणी होतात, तसं हाय हे," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वही चाळली. "भीती वाटते, भीती वाटते... कशाची एवढी भीती मावशी?"

मावशी ताठ झाल्या. "मी कुठं भ्याले?"

"मग झालं तर. ठोके अगदी छान आहेत." त्यांनी रक्त पातळ करायची गोळी बंद केली, मन शांत राहायची एक लिहून दिली आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

मी शेजारीच बसले होते, हात मांडीवर ठेवून.

परतीच्या एसटीत मावशींनी विचारलं, "भीती असं लिव्हलंस व्हय गं?"

"एकच आहे ते, मावशी."

"एक कसं असंल?" एवढंच बोलून त्या खिडकीकडे वळल्या.

तीन आठवड्यांनी पोळी लाटताना त्यांच्या हातातून लाटणं पडलं. उजवा हात गेला, बोलणं गेलं. ठोके पुन्हा बेताल झाले होते, काळजात रक्ताची गाठ झाली आणि ती मेंदूत गेली, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं.

मी वही घेऊन एकटी नांदेडला गेले. काय काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. डॉक्टरांनी वही माझ्याकडे फिरवली. "यात धडधड कुठे लिहिलीय, दाखवा. अक्षर तुमचंच ना?"

अक्षर माझंच होतं. याचाच मला संताप येतो. बाई समोर बसून सांगते की मी भ्याले नाही, तर मग काय होत होतं, एवढं विचारायला यांना सवड नव्हती. आणि ज्या पोरीला उत्तर ठाऊक होतं, ती शुद्ध मराठी सांभाळत बसली होती. मी त्यांना माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. पाठ केलेलं एक वाक्यही मला तिथे बोलता आलं नाही, याचा राग वेगळाच.

मेसला आता कुलूप आहे. मावशी रेणापूरला भावाकडे असतात. मागच्या रविवारी गेले, तर त्यांच्या छातीवर आठवडाभर ठोके टिपणारी पट्टी होती, उशाशी कोरी वही. त्यांनी डाव्या हाताने माझी बोटं धरली आणि लुळ्या उजव्या मनगटावर ठेवली. मान तिरकी केली. दोन ठोके एकावर एक आले, मग काहीच नाही, मग एकदम पळापळ. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी वही उघडून लिहिलं : अकरा वाजून दहा मिनिटं. घाबरं होऊन राहिलंय.

त्यांच्यासमोर धरून मोठ्याने वाचलं. त्यांनी मान डोलावली आणि मग माझी बोटं सोडली.