प्रधान साहेबांचा ट्रस्ट

"ट्रस्टच करायचा मॅडम, माझं ठरलंय," असं म्हणून प्रधान साहेबांनी टाइप केलेला मसुदा माझ्या टेबलावर ठेवला.

ठरलंच होतं तर वकिलाकडे कशाला आले, हे मी विचारलं नाही. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि जुन्या निर्वासित वसाहतीतल्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या दुकानावर माझं ऑफिस होतं. साहेब अंबरनाथच्या एका फॅक्टरीतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. बदलापूरला नवा फ्लॅट, अंगावर सफारी आणि हाताखाली कोणी नाही. मॅनेजरला याहून मोठं दुःख नसतं. म्हणून मग समाजसेवा.

सेवा करून घ्यायला त्यांना अकरा बायका सापडल्या होत्या. या बायका कॅम्प पाचमध्ये शेठ लोकांच्या जीन्स पीस रेटवर शिवायच्या, म्हणजे जितके नग तितके पैसे. त्यांनी आपसात भिशी लावली. जिची भिशी लागेल तिचं सेकंडहँड मशीन यायचं. अशी सगळ्यांची मशीनं झाली, पण ठेवायला जागा नव्हती. ती साहेबांनी दिली, त्यांचा एक गाळा रिकामाच होता. उपकार खराच होता, आणि तो ते कोणाला विसरू देत नव्हते.

त्यांच्याबरोबर वंदना आली होती, बायकांची पुढारी. खुर्ची दिली तरी टोकावर बसलेली. पूर्वी पोरीला ताप आला म्हणून ती घरी राहिली, तर शेठने तिच्या जागी दुसरी बसवली आणि हिला "कल से मत आना" सांगितलं. स्वतःचं मशीन तिने त्या दिवसापासून मनात धरलं होतं.

मी मसुदा वाचला. साहेबांच्या कॉलनीतल्या गणेशोत्सव मंडळाची घटना उचलून फक्त नावं बदलली होती. "मूर्तीच्या विसर्जनाची व्यवस्था करणे" हा उद्देश तसाच राहिला होता. ट्रस्टी चार: साहेब, मिसेस, मुलगा आणि जावई. चौघेही तहहयात. बायकांचा उल्लेख 'लाभार्थी' असा होता. मला तिथेच राग आला.

"मॅडम, ह्याच्यात माझं मशीन माझं राहील का, येवढंच सांगा," वंदना म्हणाली.

मी समजावलं. ट्रस्ट म्हणजे मालमत्ता ट्रस्टींच्या ताब्यात, दुसऱ्यांच्या भल्यासाठी. भलं कशात आहे ते ट्रस्टी ठरवणार. मशीन एकदा ट्रस्टला दिलं की ते ट्रस्टचं.

"आणि साहेब रागावले तर?"

"विसर्जनाची व्यवस्था आहेच," मी म्हटलं.

साहेब हसले नाहीत. दुसरं काय करता येईल, असं त्यांनी घुश्शातच विचारलं. मी कंपनी सांगितली. 'मॅनेजिंग डायरेक्टर' ऐकून ते खुलले, दरवर्षीचं ऑडिट आणि रिटर्न ऐकून कोमेजले. धर्मादाय संस्था काढली तर नफा वाटून घेता येत नाही, आणि या बायका काही पुण्य मिळवायला जीन्स शिवत नव्हत्या. उरली सहकारी सोसायटी. त्यासाठी वेगवेगळ्या घरांतल्या निदान दहा जणी लागतात, त्या होत्या. मशीनं सोसायटीची, सोसायटी सगळ्यांची, प्रत्येकीला एक मत.

वंदनाने जरा विचार केला. "म्हणजे माझ्या एकटीचं नाही राहणार. पण कोणी एकटा मला काढू पण नाही शकत." मी हो म्हटलं. ती म्हणाली, चालेल.

"यात चेअरमन असतो ना?" साहेबांनी विचारलं. असतो, सभासद निवडतात, मी म्हटलं. मग झालं तर, मला कोण नाही म्हणणार, असं म्हणून ते उठलेच. मत आणि पद फक्त काम करणाऱ्या सभासदाला, हा नियम मी त्यांना दोनदा सांगितला. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली. हाताखालचा माणूस बोलत असताना मॅनेजर डोलावतात तशी.

सोसायटी रजिस्टर झाली. पहिल्या सभेला साहेब गाळ्यात बोर्ड घेऊनच आले. रंगवून आणलेला, चेअरमन म्हणून त्यांचं नाव घातलेला. निवडणूक व्हायची होती, पण बोर्ड सुकला होता.

वंदनाने त्यांना आदराने पाणी दिलं आणि विचारलं, "साहेब, तुम्ही कुठल्या मशीनवर बसणार?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोच नियम तिसऱ्यांदा सांगितला. आता तो त्यांना ऐकू आला. "त्यात काय एवढं?" म्हणून ते सफारीच्या बाह्या सावरत खरंच मशीनवर बसले. वंदनाने एक खिसा लावायला दिला. मोटरचं मशीन, पाय पडला की सुसाट सुटतं. तीन बाजू शिवून थांबायचं असतं. साहेब थांबले नाहीत. चारही बाजू झकास शिवून त्यांनी अभिमानाने पँट पुढे केली.

वंदनाने खिशात हात घालून पाहिला. जाईना. बायका खाली बघत राहिल्या, हसली कोणीच नाही.

"असू द्या साहेब," ती म्हणाली, "उसवता येतं." आणि उसवायला बसली.

ट्रस्ट मात्र असा उसवता आला नसता.

चेअरमन वंदना झाली. साहेब रुसून गाळा काढून घेतील अशी मला धास्ती होती, पण सोसायटीने रीतसर भाडं सुरू केल्यावर त्यांचा आवाज खाली आला. शिवाय कायद्यात अशा माणसांसाठी एक जागा आहे: सिम्पथायझर मेंबर. मत नाही, नफा नाही, नुसती सहानुभूती. साहेबांनी ती स्वीकारली आणि नवा बोर्ड रंगवून आणला.

तेव्हापासून कोणी समाजसेवेची संस्था काढायला आलं, की मी दोनच प्रश्न विचारते. काम कोण करणार? सही कोण करणार? दोन नावं वेगळी निघाली, की फी दुप्पट सांगते.